लेझर जुळला, तरी गुरूचे पट्टे पुसटच का?

आरसे जुळवायच्या लेझरचा ठिपका बरोबर मध्यावर परत येतो आणि तरी गुरूचे पट्टे पुसट दिसतात, ही तक्रार न्यूटोनियन (दोन आरशांची) दुर्बीण वापरणारे माझ्याकडे सारखी घेऊन येतात. तोवर प्रायमरी, म्हणजे तळाच्या मोठ्या आरशामागचे तिन्ही स्क्रू बऱ्याचदा फिरवून झालेले असतात. माझं म्हणणं एवढंच, की स्क्रूला हात लावायच्या आधी ताऱ्याला विचारा. दोष आरशांच्या जुळणीचाच, म्हणजे कोलिमेशनचाच आहे का, हे तोच खरं सांगतो.

ध्रुवतारा त्यासाठी उत्तम, तो जवळजवळ जागचा हलत नाही. जास्त विवर्धनाची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावा, तारा दृष्टिक्षेत्राच्या मधोमध आणा आणि फोकस अगदी किंचित बिघडवा. ताऱ्याभोवतीची प्रकाशाची कडी एकात एक, समकेंद्री दिसली तर जुळणी चांगली आहे, आरशांना त्रास देऊ नका. कडी एका बाजूला दाटली असतील आणि फोकसमध्ये त्या ताऱ्याला शेपटी फुटत असेल, तर कोलिमेशन बिघडलंय. तारा लांबट दिसतो आणि फोकसच्या पलीकडे गेलं की ती लांबी ९० अंशांत वळते? मग ते अ‍ॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे दोन दिशांना फोकस वेगवेगळा. इथे डोकं तिरकं करून बघावं. लांबीही सोबत फिरली तर दोष तुमच्या डोळ्याचा. त्रिकोणी तारा म्हणजे बहुतेक वेळा क्लिपांनी आवळलेला आरसा. क्लिप आणि काच यांच्यामध्ये कागद सहज सरकला पाहिजे. आणि प्रतिमा नुसतीच खदखदत असेल तर आरसा अजून गरम आहे किंवा वरची हवा अस्थिर आहे. थांबा.

आता लेझर. तो फोकसरमध्ये (आयपीस बसते त्या नळीत) हलकेच गोल फिरवा. प्रायमरीवर पडलेला ठिपका वर्तुळात फिरू लागला, तर लेझर स्वतःच वाकडा आहे किंवा फोकसरमध्ये सैल बसतोय. पण लेझर सरळ असला तरी त्याला एक गोष्ट कळतच नाही: सेकंडरी, म्हणजे वरचा छोटा तिरका आरसा, आपल्या जागी आहे का. ती थोडी वळलेली असेल, तरी कल बदलून किरण प्रायमरीच्या मध्यखुणेवर नेता येतो. ठिपके जुळतात, प्रकाश मात्र एका कडेने वाया जातो. त्यामुळे आधी बारीक छिद्राच्या टोपीतून डोळ्याने बघायचं. सेकंडरीमागे रंगीत कागद धरला की तिची कड स्पष्ट होते. ती गोल आणि फोकसरच्या मधोमध दिसली पाहिजे. मग तिचा कल, आणि प्रायमरी सगळ्यात शेवटी. हा क्रम मी कधीच मोडू देत नाही. (सेकंडरीचे स्क्रू फिरवताना नळी आडवी ठेवा. निसटलेली अ‍ॅलन की उभ्या नळीत थेट आरशावर जाते.)

एफ/५ किंवा त्याहून वेगवान दुर्बिणीत (म्हणजे एफ गुणोत्तर, नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास, ५ किंवा कमी) सेकंडरीची काळी सावली प्रायमरीच्या दिशेला सरकलेली दिसते. ते तसंच असतं, ती मधोमध आणायच्या मागे लागू नका.

वेगवान आरशाला एवढं जपायचं कारण कोमा, म्हणजे अक्षापासून दूरच्या ताऱ्याला शेपटी फुटणं. अक्षाभोवतीचा कोमामुक्त भाग एफ गुणोत्तराच्या घनाप्रमाणे बदलतो. एफ/८ ला त्याचा व्यास साधारण ११ मिमी असतो, एफ/४ ला जेमतेम दीड मिमी. म्हणजे एफ/८ वर खपून जाणारी चूक एफ/४ वर ग्रहाचं सगळं बारीक काम पुसून टाकते.

प्रायमरी जुळवताना एक जण आयपीसशी, दुसरा स्क्रूशी असेल तर फार सोपं जातं. पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा, मगच निकाल द्या. कडेला सरकलेला तारा कोमामुळे हमखास फसवतो. शेवटी लॉकचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा आणि आवळल्यावर तारा पुन्हा बघा, कारण जुळणी सर्वांत जास्त तिथेच हलते. नंतर नळी जवळजवळ उभी करून तपासा. तिथे कडी पुन्हा एकीकडे गेली, तर आरसा सेलमध्ये (त्याच्या बैठकीत) सरकतोय, आणि मग काम कोलिमेशनचं नाही, सेलच्या आधारांचं आहे.