तुम्ही विचारलंत म्हणून: पेपरात लिहून कोणाला काय फरक पडतो?

मी दापोली-मंडणगड भागातून पेपरला बातम्या देतो, पगारी वगैरे नाही, साधा वार्ताहर, पोटापाण्याला पोफळीची वाडी आहे. मुंबईचा पाहुणा चहाचा कप हातात आला की हमखास विचारतो, लोकांना काही पडलेलीच नाहीये तर तुम्ही लिहिता कशाला? 6 जानेवारीला पत्रकार दिनाला एखादं कॉलेजचं पोरगं हेच जरा आदराने विचारतं. (1832 ला 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्या देवगडातल्या पोंभुर्ल्याचे, हारतुरे झाले की वर्षभर त्यांचं नाव कोणी काढत नाही, असो.)

पडलेली नसते हे काही मला पटत नाही. 3 जून 2020, निसर्ग वादळ. सकाळपासून टीव्हीवर मुंबईच्या लाटा आणि रेनकोटातले रिपोर्टर, आणि दुपारी कौलं उडाली ती आमची. लाइट गेली ती गेलीच, त्यामुळे आमचं काय दाखवतायत ते आम्हालाच कित्येक दिवस दिसलं नाही. मी आडव्या पडलेल्या पोफळींचे फोटो काढले, रेंजसाठी सड्यावर जाऊन पाठवले, दोन कॉलम छापून आले. शेजारचे आबा म्हणाले, "फोटो झकास आलाय हो, आता झाडं उचलायला कोण, संपादक येणार?" आणि हेच आबा, वय सत्तरच्या पुढे, दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन रस्ता मोकळा करायला सगळ्यात आधी हजर, बोलवायला कोणी गेलं नव्हतं.

मंडणगडातल्या वेळास या समुद्रकाठच्या गावाला पण तेच. कासवांची अंडी चोरीला जायची, उरलेली कुत्री-कोल्हे उकरायचे. 'अंडी चोरू नका' असं मी शंभर वेळा छापलं असतं तरी घंटा कोणी ऐकलं नसतं. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे काम सुरू केलं, आणि वाळूतला माग बघून घरटं शोधायचं, शंभरेक अंडी काढून कुंपणात परत पुरायची, मग दीडेक महिना राखण, हे सगळं गावातलीच माणसं करायला लागली. नंतर कासव महोत्सव, पर्यटक, घरोघरी राहायची-जेवायची सोय. बातम्या झाल्या, त्यांचा उपयोगही झाला, गर्दी आली ती त्या वाचूनच, पण बातमी मागून आली हे आम्ही पेपरवाले सोयीने विसरतो.

मागे असंच विचारणाऱ्या एका पोराला म्हटलं, मार्चमध्ये वेळासला ये. आला. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली, चार-पाच पिल्लं वाळूतून वर आलेली, ती पाण्याकडे सोडली, हा मोबाइल घेऊन आडवा पडून व्हिडिओ काढतोय, तेवढ्यात कुठून तरी कुत्रं आलं, तसा मोबाइल वाळूत टाकून जो धावला तो पार खडकापर्यंत.

बातमी दोन कॉलमची आली. कुत्र्याचं काही छापलं नाही.