ढोबळी मिरचीवर काट

मित्राने वाइनची बाटली आणली ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून. "लेबल बघायचं नाही. प्यायची आणि सांगायचं, काय आहे ते." चार पुस्तकं वाचून आणि इकडेतिकडे घोट घेऊन मी मित्रमंडळींत जाणकार ठरलो आहे. हे कधीतरी अंगाशी येणारच होतं.

बूच काढून आधी कुबट वास तर येत नाही ना, ते पाहिलं. बुचातून उतरणारं टीसीए नावाचं रसायन लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं, तरी वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास लागतो आणि परीक्षण तिथेच आटोपतं. बाटली ठीक होती. म्हणजे सुटकेचा तोही मार्ग बंद.

थोडी ओतून ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. मधे काळपट लाल, कडेला जांभळी झाक. म्हणजे वय फार नाही. रेड वाइन जसजशी मुरते तसतशी तिची कड विटकरी होत जाते. हे मी अशा थाटात सांगितलं की मित्राची भुवई थोडी वर गेली. ग्लास फिरवल्यावर काचेवरून ओघळ उतरले. ते पाहून लोक उगाच 'वा' म्हणतात. जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञाने १८५५ मध्येच त्याचं कारण सांगून ठेवलंय: काचेवरच्या पातळ थरातलं अल्कोहोल उडून जातं, तिथला पृष्ठताण वाढतो, द्रव वर ओढला जातो आणि जड झाला की ओघळतो. दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मग नाक खुपसलं. पहिल्याच हुंगण्यात ढोबळी मिरची. अगदी स्वच्छ, देठ मोडल्यावर येतो तसा हिरवा, ओला वास. मी वहीत लिहिलंसुद्धा. मग पुन्हा त्या गडद रंगाकडे पाहिलं आणि वाटलं, रेड वाइनमध्ये भाजी कुठून येणार? शब्दावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'ब्लॅककरंट'. हे फळ मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पण पुस्तकात दर दुसऱ्या पानावर असतं, आणि लिहिताना हात अडखळत नाही.

फ्रान्समधल्या बोर्दोतल्या वाइनच्या ५४ विद्यार्थ्यांना संशोधकांनी एकदा व्हाइट वाइन लाल रंगवून दिली होती. २००१ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. त्या वाइनच्या वासाला मुलांनी सगळे रेड वाइनचे शब्द लावले होते. हा किस्सा मी दर मैफलीत रंगवून सांगतो.

घोट घेतल्यावर मात्र मराठी कामाला आली. आपल्या षड्रसांत तिक्त वेगळा आणि कषाय वेगळा, त्यामुळे कडू आणि तुरट यांत आपला सहसा घोळ होत नाही. कडू जिभेला कळतं. तुरट हिरड्यांना आणि गालांना आतून. टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट घटक, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचं वंगण जातं, आणि तोंडाला कोणीतरी आतून इस्त्री फिरवल्यासारखं होतं. इथे ती इस्त्री कोमट होती. तुरटपणा मऊ, आंबटपणा बेताचा, अंग भरलेलं. गिळल्यावर घशामागून नाकात पुन्हा तीच मिरची चढली. मी तिच्याकडे काणाडोळा केला आणि द्राक्षाच्या जातीचा निकाल दिला, "मर्लो."

मित्राने सावकाश सुतळी सोडली. चिलीची कार्मेनेर.

मी चटकन सावरलो. म्हटलं, अरे, ही चूक साधीसुधी नाही. ही द्राक्षाची जात एकोणिसाव्या शतकात बोर्दोहून चिलीत गेली आणि तिथे मर्लोच्या वेलींत मिसळून गेली. पुढे कित्येक वर्षं लोक तिला मर्लोच समजून लावत होते, विकत होते. १९९४ मध्ये ज्याँ-मिशेल बूर्सिको हे फ्रेंच तज्ज्ञ मळ्यात गेले, तेव्हा कुठे त्यांनी ओळखली. अख्खा देश फसला, तिथे माझी काय कथा!

"ओळखायची खूण काय हिची?" मित्राने विचारलं.

खोटं बोलणं शक्य नव्हतं. द्राक्षं पुरती पिकली नाहीत तर त्यांतली पायराझिनं नावाची रसायनं शिल्लक राहतात आणि हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. कार्मेनेर उशिरा पिकते, म्हणून तिच्यात तो हमखास.

त्याने वही स्वतःकडे ओढली, काट मारलेला शब्द उजेडात धरून वाचला, आणि माझा ग्लास पुन्हा भरला.