लेक, व्हॅम्पायर आणि आमची शुक्रवारची प्रार्थना

मागच्या शुक्रवारी प्रार्थना आमच्या घरी होती. सात मराठी कुटुंबं, बहुतेक नगर-पुण्याकडची, आता सगळी सिअ‍ॅटलच्या आसपास. आमेन झालं, मी पोहे वाढायला घेतले आणि तेवढ्यात कुणाला तरी सोफ्यावर लेकीचं लायब्ररीचं पुस्तक दिसलं. काळं कव्हर, दोन गोरे हात आणि त्यात लालभडक सफरचंद. ट्वायलाइट, ती व्हॅम्पायरच्या प्रेमाची कादंबरी. झालं, पोहे गार होईपर्यंत तोच विषय.

एक अंकल म्हणाले रक्त पिणाऱ्यांची गोष्ट आपल्या घरात कशी काय, बायबलमधलं लेवीय 17 काढा, रक्त खाऊ नका म्हणणारं. एक ताई म्हणाली अहो पण यातला हिरो एडवर्ड माणसांचं नाही पीत, जंगलात जाऊन जनावरं मारतो. अंकलनी शांतपणे फोनवर शास्त्र उघडून तेरावं वचन वाचलं, शिकार केलेल्या जनावराचं रक्त ओतून टाकावं म्हणून. ताई गप्प! पण तिचा दुसरा मुद्दा तयारच होता, की हा मुलगा लग्नाआधी काही नाही म्हणून स्वतःच अडून बसतो, हायस्कूलमधल्या पोरींना अजून काय शिकवायचंय आपल्याला? आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच उत्पत्ति 2:17 छापलंय, त्या झाडाचं फळ खाऊ नको, म्हणून तर कव्हरवर सफरचंद.

हा वाद काही आमचाच नाही. लेखिका स्टेफनी मेयर स्वतः मॉर्मन (अमेरिकेतला एक पंथ), आणि 2009 मध्ये मॉर्मन चर्चच्याच मालकीच्या डेझरेट बुक दुकानांनी ही पुस्तकं शेल्फवरून काढली. त्याच वर्षी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक हरकती आलेल्या पुस्तकांच्या यादीत ही सिरीज पाचवी होती.

सासूबाई नगरहून आल्यात. एवढा वेळ ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे वेताळ का गं?" मग हळूच मला म्हणाल्या, आम्ही बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतांच्या पुस्तकात लपवून वाचायचो, पाळकसाहेबांना वाटायचं पोरगी गीतं पाठ करतेय.

मी वाद घातला नाही, कारण मी चारही भाग रात्री जागून वाचलेत (हे अंकलना कोण सांगणार). आणि मला खटकतं ते रक्त नाहीच. हा 1918 पासून सतरा वर्षांचा असलेला एडवर्ड नायिकेच्या खोलीत रात्री खिडकीतून न विचारता येऊन ती झोपलेली बघत बसतो. पुढे ती मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या ट्रकच्या इंजिनातला पार्टच काढून ठेवतो. आणि सोडून गेला तर? दुसऱ्या भागात ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, एकेका पानावर फक्त महिन्याचं नाव आणि बाकी कोरं. वाचताना मला भारी वाटलं होतं ते, आता तेरा वर्षांच्या पोरीची आई म्हणून ती कोरी पानं बघून पोटात गोळा येतो, एक मुलगा गेला तर चार महिने पोरीचं आयुष्यच नाही? ना आई, ना मैत्रिणी, ना शाळा. याबद्दल त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही, सगळे लेवीयमध्ये अडकलेले.

मग ठरवलं पुस्तक काढून घ्यायचं नाही, लेकीसोबत वाचायचं. काल त्या खिडकीच्या प्रसंगाशी आलो. मी एकदम आईच्या आवाजात विचारलं, कुणी न सांगता आपल्यावर अशी नजर ठेवली तर ते प्रेम असतं का गं?

तिने पान दुमडलं (लायब्ररीचं पुस्तक!) आणि म्हणाली, "आई, तू माझ्या फोनचं लोकेशन दिवसातून किती वेळा बघतेस?"