उसना गळा

सिनेमात संगीत नाटकातल्या नटाची भूमिका मिळाली, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "गाणारही मीच." भांडवल काय, तर कॉलेजच्या एकांकिकांतली चार गाणी. डोक्यात जुनी मंडळी होती. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे स्वतः गायले. तेव्हा पार्श्वगायन आलंच नव्हतं, हे मात्र मी सोयीस्कर विसरलो.

चार महिने पहाटे खर्ज लावला, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज केला. अभंग जमला. नाट्यपद मात्र काळी दोन पट्टीत होतं आणि माझा आवाज त्याखालच्या काळी एकमध्येच तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, फाटायचा. पट्टी उतरवली तर पद मलूल व्हायचं. रेकॉर्डिस्टने कॉम्प्युटरवर सूर सरळ करून दिले, पण तानेचे दाणे, म्हणजे भराभर घेतानाही सुटा ऐकू येणारा एकेक सूर, कुठून आणणार? दिग्दर्शक म्हणाले, "अभंग तुझा ठेवू. पदाला गायक बोलावतो." त्या रात्री जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू?

गायक आले, पाऊण तासात गाऊन गेले. माझं खरं काम त्यानंतर सुरू झालं. पद वहीत उतरवलं आणि ते जिथे दम घेतात तिथे लाल फुल्या मारल्या. २०१५चा 'कट्यार काळजात घुसली' पुन्हा पाहिला, एकदा आवाज बंद करून. त्यात शंकर महादेवन स्वतःच गातात. सचिन पिळगांवकरांना राहुल देशपांडेंचा आवाज आहे, सुबोध भावेंना महेश काळेंचा. मी ओठांकडे बघतच नव्हतो, माझी नजर गळ्यावर आणि छातीवर.

तरी शूटिंगच्या पहिल्या दोन टेकना नुसते ओठ हलवले. मॉनिटरवर पाहिलं, तर मानेची शीरसुद्धा हलत नव्हती! तिसऱ्या वेळी स्पीकरवरच्या गाण्याबरोबर खच्चून गायलो, बेसूर. लाइटवाले दादा हसत होते. टेक ओके.

बोलता बोलता गुणगुणायचं असेल तर नटाचाच आवाज हवा, कच्चा असला तरी, असं मला अजूनही वाटतं. पण मैफल मारणारा गवई दाखवायचा आणि आवाज माझा? नको.

मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, बसलो तर पदातले श्वास साफ करून टाकलेले. पडद्यावर माझी छाती फुगते आणि कानाला काहीच नाही! मग वही घेऊन बूथमध्ये उभा राहिलो आणि फुली आली की श्वास घेतला. त्या पदात माझे चौदा श्वास आहेत.