टाळ थांबेना

जेजुरीच्या तळावर माउलींची पालखी खांद्यांवरून आत आली. दिंड्या गोलाकार उभ्या राहिल्या. टाळ-मृदंगाच्या गजरात शेजारच्याचंही बोलणं ऐकू येईना. चोपदारांनी चोप उंचावला आणि सगळं एकदम शांत झालं.

एक दिंडी मात्र वाजवतच राहिली. मला वाटलं, यांना दिसलं नसावं.

"गाऱ्हाणं आहे त्यांचं," तात्या म्हणाले. "ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ थांबवत नाही. समाजआरतीची रीतच आहे."

चोपदार त्यांच्यापाशी गेले. पाण्याचा टँकर त्यांच्या राहुट्यांकडे फिरकलाच नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं, मार्ग काढला, तेव्हा टाळ थांबले. मग हरवलं-सापडलं पुकारलं, एक चष्मा, एक पिशवी, आणि आरती सुरू झाली.

माझी ही पहिलीच वारी, तीही रुसून केलेली. बायकोचं दुसऱ्यांदा केमो चालू होतं. मी घरात नुसता येरझाऱ्या घालायचो. तीच वैतागली. "माझ्या तोंडाकडं बघत बसू नका. आबांची दिंडी आहे, जा." मेहुणी तिच्यापाशी राहिली आणि सासऱ्यांचे टाळ माझ्या पिशवीत आले. दिवे घाट सगळे गात चढले, मी तोंड मिटून. वाटेत ज्याला कळलं तो म्हणाला, 'सोपवा पांडुरंगावर.' राग यायचा. सोपवायचं म्हणजे मुकाट बसायचं, एवढंच मला कळत होतं.

रात्री राहुटीत तात्या तळपायांना तेल चोळत होते. मी विचारलं, "देवाच्या दारात असं भांडायचं असतं?"

"मग कुणाच्या दारात? पण चोपदार आल्यावर बोलावं लागतं बाबा. नुसतंच वाजवत राहिलास तर त्याला कळणार कसं?"

एवढं बोलून ते घोरायलाही लागले. मला मात्र झोप लागेना. गेले आठ महिने मी फक्त वाजवत होतो. नवस बोललो, डॉक्टरांवर चिडलो, देव्हाऱ्याकडे पाठ केली. पण नेमकं काय हवंय ते एकदाही बोललो नव्हतो.

वाल्ह्याचा मुक्काम झाला. पुढच्या दिवशी नीरेवर माउलींच्या पादुकांना स्नान घातलं. ही गर्दी! मी जरा खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. पाणी गढूळ होतं, पायाखालचा चिखल सरकत होता. तोंडाने, मोठ्याने म्हणालो, "ती गेली तर मला जमणार नाही रे. तिला ठेव." शेजारी एक आजी लुगडं पिळत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "नाहीच ठेवलीस तर..." पुढचं मला सुचेना. बराच वेळ गेला. "तर मला धर," असं काहीसं बोललो. ठरवून नव्हे.

लोणंदला तिचा फोन आला. रिपोर्ट अजून चार दिवसांनी मिळणार होता.

"पाय दुखतात का?"

"दुखतात."

"मग तेल लावा. आणि आबांचे टाळ वाजवता का, की पिशवीतच आहेत?"

दुसऱ्या दिवशी निघताना ते बाहेर काढले. दोरी कुजली होती. तात्यांनी आपल्या पिशवीतली सुतळी दिली.