तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या कॅमेऱ्याला मीटर कुठला घ्यावा?

कपाट आवरताना एखादा याशिका किंवा रोलिकॉर्ड सापडतो. शटर चालू असतं, लेन्सही बऱ्यापैकी स्वच्छ असते. मग मला हमखास विचारलं जातं, याला लाइट मीटर कुठला घेऊ? लाइट मीटर म्हणजे उजेड मोजून कॅमेऱ्यावर कोणते आकडे लावायचे ते सांगणारं यंत्र. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं. मी आधी प्रकार सांगते: वस्तूवर पडणारा प्रकाश मोजणारा मीटर घ्या, म्हणजे ज्याच्या डोक्यावर पांढरा अर्धगोल घुमट असतो तो. नाव त्यानंतर.

कॅमेऱ्यातला किंवा मोबाइलमधला मीटर वस्तूवरून परतून आलेला प्रकाश मोजतो. समोर काय आहे ते त्याला कळत नाही. जे काही असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे, असं धरूनच तो आकडा सांगतो. आणि आपल्याकडे फिल्म कॅमेरा घेऊन लोक जातात कुठे? आषाढीच्या वारीत आणि जुन्या देवळांत. एकीकडे पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या. दुसरीकडे काळा पाषाण.

समजा, तुम्ही दिवे घाटात उभे आहात. आभाळ भरलेलं आहे, पण उजेड लख्ख आहे. कॅमेऱ्यात ४०० चा रोल आहे; हा फिल्मचा वेग, म्हणजे ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा. घुमटवाला मीटर वारकऱ्याच्या चेहऱ्याजवळ, घुमट कॅमेऱ्याकडे करून धरलात, तर साधारण १/५०० ला एफ ८ असं उत्तर येईल, म्हणजे शटर सेकंदाचा पाचशेवा भाग उघडं आणि लेन्सचं छिद्र एफ ८ वर. एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान. आता तोच उजेड परतणाऱ्या प्रकाशावर मोजा. समोर सगळी पांढरी वस्त्रं असली, तर मीटर एफ १६ च्या आसपास जाईल. दोन स्टॉपचा फरक झाला; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. कपडे करडे येतील आणि टोपीखालचा उन्हात रापलेला चेहरा निगेटिव्हवर जवळजवळ कोरा राहील. तिथे काहीच उमटलेलं नसलं, तर प्रिंट करताना कितीही खटपट केली तरी तो चेहरा परत येत नाही. देवळात याच्या नेमकं उलट होतं. काळ्या भिंतीकडे रोखलेला मीटर जास्त प्रकाश मागतो, निगेटिव्ह जड, म्हणजे गरजेपेक्षा काळी होते आणि पाषाण राखाडी दिसतो. घुमट मात्र वस्तूच्या रंगाकडे बघतच नाही. म्हणून मी त्याच्यासाठी एवढी आग्रही आहे.

त्यालाही एक अट आहे. मीटर आणि वस्तू एकाच उजेडात हवेत. तुम्ही झाडाच्या सावलीत आणि समोरची दरी उन्हात असेल, तर मीटर आधी उन्हात न्यायला हवा. रंगमंचावरच्या प्रयोगात नटाजवळ जाऊन मोजता येत नाही. तिथे एका अंशाएवढा कोन मोजणारा स्पॉट मीटर कामाचा. तो महाग असतो आणि सुरुवातीला त्याची गरज नाही.

आता नावं. सेकॉनिक एल-३०८ घेतलात तर डोकेदुखी नाही. घुमट बाजूला सरकवला की तोच परतणारा प्रकाशही मोजतो, आणि एका पेन्सिल सेलवर चालतो. तो सेल पंढरपूरच्या वाटेवर कुठल्याही टपरीत मिळतो. प्रवासात मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्याहून लहान, खिशात मावणारा हवा असेल तर एल-२०८. त्याला सीआर २०३२ हा चपटा सेल लागतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

जुने सेलेनियमचे मीटर दिसायला फार देखणे. वेस्टन मास्टर हातात घेतला की ठेवावासा वाटत नाही. त्यांना सेल लागत नाही, प्रकाशावरच वीज तयार होते. पण सेलेनियम वयाबरोबर मंदावतं आणि दमटपणा त्याला मानवत नाही. घ्यायचाच असेल तर निरभ्र आकाशाखाली दुपारच्या उन्हात तपासा: १०० च्या फिल्मला १/१२५ ला एफ १६ दाखवायला हवा. मग घरात, खिडकीपासून लांब, दुसऱ्या मीटरशी ताडून बघा. उन्हात बरोबर आणि घरात चूक, असे खूप भेटतात. फार जुन्या वेस्टनवर फिल्मच्या वेगाचे आकडेही त्यांचे स्वतःचे असतात; तिथे १०० च्या फिल्मला साधारण ८० लावायचं.

कॅमेऱ्यातला मीटर चालू करून घ्यावा का, हेही विचारतात. याशिका मॅट १२४ जी मध्ये पीएक्स ६२५ हा पाऱ्याचा सेल लागायचा. तो १.३५ व्होल्ट द्यायचा आणि शेवटपर्यंत तेवढेच द्यायचा. पारा विषारी म्हणून हे सेल बंद झाले. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टवर सुरू होतो आणि वापराबरोबर उतरत जातो, त्यामुळे मीटरचा आकडाही सरकत राहतो. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल बारीक रिंग घालून बसवता येतो आणि व्होल्टेज जवळपास जुळतं. पण त्याचं स्टिकर एकदा काढलं की वापरा न वापरा, तो थोड्याच आठवड्यांत संपतो. त्यात जीव अडकवण्यापेक्षा हातातला मीटर बरा.

सध्या पैसे घालायचे नसतील तर मोबाइलवरचं मीटरचं ॲप चालेल. फक्त ते दृश्यावर रोखू नका. आपला तळहात त्याच उजेडात धरा, स्क्रीन तळहाताने भरा, आलेल्या आकड्यापेक्षा एक स्टॉप जास्त प्रकाश द्या. माणूस गोरा असो की सावळा, तळहात साधारण तेवढाच उजळ असतो.

पहिला रोल ४०० चा ब्लॅक अँड व्हाइट भरा. स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट सुलटं चित्र येतं) अर्ध्या स्टॉपची चूकही दाखवते; निगेटिव्ह एक-दोन स्टॉप जास्तीचा प्रकाश निमूट सोसते. जुन्या शटरवर १/२५, १/५०, १/१०० असे आकडे असतील आणि मीटर १/३०, १/६०, १/१२५ सांगेल. जवळचा आकडा लावून मोकळे व्हा. खूप दिवस पडून राहिलेलं शटर बहुधा लिहिल्यापेक्षा थोडं सावकाशच चालतं, म्हणजे चूक झाली तरी ती जास्त प्रकाशाच्या बाजूने होते.