हिरव्यात हिरवा
आज जांबोटीला मामांकडे गेलो होतो. परसामागच्या करवंदीच्या जाळीत हात घालणार, तेवढ्यात मामा ओरडले, "थांब की रे! समोर बघ!"

बघतच होतो. पानं, डहाळ्या, वेली. मग वारा नसताना एक वेल हलली आणि अख्खा हरणटोळ साप दिसला! टोकदार तोंड, डोळ्यातली आडवी बाहुली, पोपटी अंग. वीतभर अंतरावर. त्यानंतर तो न दिसणं अशक्यच झालं.

डेन्मार्कचे मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ साली हेच मांडलं होतं: कडा आकृतीच्या मालकीची वाटते, पार्श्वभूमी तिच्यामागे पसरत गेल्यासारखी भासते. त्यांच्या चित्रात फुलदाणी दिसते किंवा दोन चेहरे, दोन्ही एकदम नाहीत. २००० साली तर माकडांच्या मेंदूत, कडा कुठल्या बाजूच्या आकृतीची यावर प्रतिसाद बदलणाऱ्या पेशी आढळल्याचं प्रसिद्ध झालं. सीमाभागात वाढलोय म्हणून असेल, 'ही रेघ कुणाची' या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो.

मला तो हलल्यावर दिसला. मामांना आधीच कसा दिसला? विचारलं, तर म्हणाले, "करवंदीवर वेल असा सरळ जातोय होय?"